परतीची वाट नसलेलं अपडेट

२०२५ चा पोळा झाला होता, गणपती यायचे होते. त्या चार-सहा दिवसांत देशभरातल्या अनेकांच्या अँड्रॉइड फोनवरची कॉलची स्क्रीन बदलली. बटणं मोठी आणि गोलसर झाली. आवडते नंबर आणि कॉलची यादी एकाच 'होम'मध्ये आली, कॉन्टॅक्ट बाजूच्या मेनूत गेले. कॉल घ्यायला बोट वर सरकवायची सवय होती, तिथे आडवं सरकवा किंवा नुसतं टॅप करा, असे नवे प्रकार आले. ज्यांना फोनशी खेळायची सवय आहे त्यांनी दोन मिनिटांत जमवून घेतलं. पण कितीतरी माणसांचा फोन डोळ्यांनी नाही, हाताच्या सवयीने चालतो. चष्मा न शोधता अंगठा वर नेला की मुलीचा आवाज येतो, एवढंच त्यांचं आणि फोनचं नातं. त्यांना आलेला कॉल घेता येईना. "मी काहीच दाबलं नाही हो" असं ती सांगत राहिली आणि घरातली पोरं म्हणत राहिली, "ऑटो-अपडेट चालू असेल तुमचं."

या वादात खरी बाजू त्या न दाबणाऱ्यांची होती. ती नीट समजून घ्यायला हवी, कारण नको असलेल्या अपडेटचा सगळा इतिहास तिथेच येऊन थांबतो.

बदललेलं ॲप होतं गूगलचं 'फोन'. स्वतःचा डायलर, म्हणजे कॉल लावायचं-घ्यायचं ॲप, बाजूला ठेवून हेच ॲप देणारे ब्रँड भारतात बरेच आहेत, म्हणून बदल एकदम इतक्या घरांत दिसला. नव्या रूपाचा कोड ॲपच्या आवृत्तीत आधीच येऊन बसलेला होता, फक्त झाकलेला. ऑगस्टमध्ये कंपनीने तिच्याकडच्या सर्व्हरवरून खटका दाबला आणि झाकण उघडलं. त्या रात्री फोनवर काही डाउनलोड झालं असेलच असं नाही. आदल्या दिवशी कुणी ऑटो-अपडेट बंद केलं असतं तरी कोड आत असल्यावर फरक पडला नसता. म्हणजे 'अपडेट झालं' हे वाक्यसुद्धा इथे धड लागू होत नाही.

मुळात घोळ शब्दाचाच आहे. सरकारी मराठीत 'अद्यतन' लिहितात, बोलताना आपण अपडेट 'मारतो', 'टाकतो', किंवा ते 'येतं'. पण या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी गोळा झाल्या आहेत. पहिली सुरक्षेचा पॅच: कुठेतरी भोक सापडलं, ते बुजवलं. फोन दिसायला तसाच राहतो. दुसरी आवृत्ती बदलणं: अँड्रॉइड १३ चं १४ होतं, रंगरूप, मेनू, कधी बॅटरीचं वागणंही बदलतं. खरं तर हिला अपग्रेड म्हणायला हवं, पण स्क्रीनवर तेच 'सिस्टम अपडेट' लिहून येतं. तिसरी एकेका ॲपचं अपडेट, प्ले स्टोअरमधून येणारं. आणि चौथी ती सर्व्हरवरच्या खटक्याची, जिला सामान्य माणसाच्या भाषेत नावच नाही.

पहिली गोष्ट जवळजवळ नेहमी घ्यावी अशी आहे. दुसरी ज्याची त्याने ठरवावी. तिसरी काही अंशी हातात आहे. चौथी हातात नाहीच. पण चौघींचं नाव एक असल्यामुळे 'अपडेट करायलाच हवं, नाहीतर बँक खातं रिकामं होईल' हा पहिल्या गोष्टीबद्दलचा खरा इशारा दुसरीच्या गळ्यात बांधला जातो. भीती पॅचची दाखवायची आणि हातात नवा डायलर ठेवायचा, हे गेली दहा वर्षं सर्रास चालू आहे. मला यातली सगळ्यात खटकणारी गोष्ट हीच वाटते, आणि तिची सुरुवात बरीच अलीकडची आहे.

नोकियाच्या काळात फोन अपडेट करायचा म्हणजे कॉम्प्युटरला केबल लावायची, नाहीतर सर्व्हिस सेंटरला जाऊन 'फ्लॅश' मारून आणायचा. बहुतेकांनी आयुष्यात एकदाही केलं नाही. २००७ च्या सप्टेंबरात आयफोनच्या १.१.१ या अपडेटने, दुसऱ्या नेटवर्कवर चालावेत म्हणून अनलॉक केलेले फोन बंद पाडले, तेव्हा अमेरिकेत पहिली मोठी ओरड झाली. तरी केबल लावायची की नाही हे मालकाच्याच हातात होतं. अँड्रॉइडवर अपडेट सुरुवातीपासून हवेतून, म्हणजे केबलशिवाय थेट फोनवर येत होतं, आयफोनवर ते २०११ च्या आयओएस ५ पासून येऊ लागलं. केबल गेली आणि तिच्याबरोबर विचार करायला मिळणारा वेळही गेला.

२०१३ च्या सप्टेंबरात आयओएस ७ आलं. सगळं रूप पालटलं. अनेकांना ते आवडलं नाही, आणि परत ६ वर जावं म्हटलं तर थोड्याच दिवसांत दार बंद झालेलं होतं. आयफोनवर कुठलीही आवृत्ती टाकताना कंपनीच्या सर्व्हरची डिजिटल सही लागते. जुन्या आवृत्तीला सही देणं थांबवलं की ती आवृत्ती तुमच्या कॉम्प्युटरवर पडून असली तरी निरुपयोगी. पुढच्या वर्षी २४ सप्टेंबरला ८.०.१ आलं आणि नव्या आयफोन ६ चं नेटवर्कच गेलं. कंपनीला ते तासाभरात मागे घ्यावं लागलं. चूक कंपनीची असेल तर मागे जाता येतं, नापसंती ग्राहकाची असेल तर नाही, हा फरक तेव्हापासून कायम आहे.

पॅचची निकड मात्र खोटी नाही, हे सांगायलाच हवं. २०१५ च्या जुलैत अँड्रॉइडमधलं 'स्टेजफ्राइट' नावाचं भोक उघड झालं. नुसता एक एमएमएस आला तरी फोन ताब्यात जाऊ शकत होता, आणि धोक्यातल्या फोनांचा आकडा ९५ कोटी सांगितला गेला. त्या ऑगस्टपासून दर महिन्याला सुरक्षेचे पॅच देण्याची पद्धत सुरू झाली आणि सेटिंगमध्ये पॅचची तारीख दिसू लागली. या तारखेने पॅच ही वेगळी, मोजता येणारी वस्तू केली. ती वेगळी घेता यावी एवढंच राहिलं होतं, पण घडलं उलटं.

२०१६ मध्ये अँड्रॉइड ७ बरोबर दोन कप्प्यांची रचना आली. तुम्ही फोन वापरत असता तेव्हा मागच्या कप्प्यात नवी प्रणाली भरली जाते आणि रीस्टार्ट केला की फोन त्या कप्प्यातून उठतो. नवी प्रणाली सुरूच झाली नाही तर फोन आपसूक जुन्या कप्प्यात परततो. म्हणजे परतीचा रस्ता यंत्रात आहे, फक्त त्याचं बटण मालकाला दिलेलं नाही. २०१७ च्या अँड्रॉइड ८ बरोबर रोलबॅक रोखण्याची सोय आली: फोन आपल्या आवृत्तीचा एक आकडा सुरक्षित जागी लिहून ठेवतो आणि त्याहून जुनं काही सुरू होऊ देत नाही. मग २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून प्रणालीचे काही भागसुद्धा प्ले स्टोअरच्या वाटेने बदलू लागले.

रोलबॅक रोखण्यामागे सबळ कारण आहे. चोराने फोनमध्ये भोक असलेली जुनी प्रणाली टाकून लॉक तोडू नये, हे कुणालाही पटेल. पण नाशिकच्या एम. जी. रोडवर एका दुरुस्तीवाल्याच्या काउंटरवर मी जे पाहिलं ते चोराचं नव्हतं. एक बाई अपडेटनंतर दुपारीच बॅटरी संपू लागलेला फोन घेऊन आल्या होत्या. त्याने सेटिंगमध्ये जाऊन बिल्ड नंबर उघडला, शेवटून पाचव्या अक्षरावर टाचणी टेकवली आणि म्हणाला, "मॅडम, बायनरी वाढलीय. खाली जाणार नाही." त्या कंपनीच्या फोनवर तो एक अंक वाढला की आधीचं सॉफ्टवेअर कायमचं बाद. बाईंनी विचारलं, "पण फोन माझाच आहे ना?" त्याने टाचणी डबीत ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे पाहिलं. मालकाला आणि चोराला एकाच कुलपाने बाहेर ठेवायचं, हा निर्णय कुणीतरी घेतलेला आहे. सुरक्षेला तो आवश्यक होता असं म्हणतात, पण मालकाने ओळख पटवून एक पायरी खाली जाण्याची सोय ठेवता आली नसती हे मला पटत नाही.

याच सुमारास जगभर गाजलेलं बॅटरीचं प्रकरण घडलं. २०१७ च्या जानेवारीतल्या आयओएस १०.२.१ ने, बॅटरी थकलेले आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यांचा वेग कमी केला. ग्राहकांना ते स्पष्ट कळलं डिसेंबरात, तेही लोकांनी स्वतः वेग मोजून पाहिल्यावर. माफी आली, भारतात बॅटरी बदलण्याचा दर ६,५०० वरून २,००० रुपये झाला, कर वेगळे. २०१८ च्या मार्चमध्ये ११.३ बरोबर ही गती-कपात बंद करण्याची सोय मिळाली. त्याच ऑक्टोबरात इटलीच्या स्पर्धा नियामकाने आयफोनच्या कंपनीला १ कोटी युरो आणि गॅलेक्सी नोट ४ बनवणाऱ्या कंपनीला ५० लाख युरो दंड केला. दंडाच्या रकमेपेक्षा कारण महत्त्वाचं आहे: न झेपणारं अपडेट घ्यायला सतत टोकलं, नीट माहिती दिली नाही, आणि फोन पूर्ववत करण्याचा परिणामकारक मार्गही ठेवला नाही. परतीची वाट न ठेवणं हा दोष म्हणून तिथे नोंदवला गेला.

२०२१ मध्ये काही काळ वाटलं होतं की गाडी रुळावर येतेय. आयओएस १५ येताना कंपनीने सांगितलं की १४ वर राहूनही सुरक्षेचे पॅच घेता येतील. हवी होती ती नेमकी हीच फारकत. ऑक्टोबरात १४.८.१ आलं आणि तेच शेवटचं ठरलं. २०२२ च्या जानेवारीत कळलं की ही सवलत तात्पुरतीच होती. २०२३ मध्ये छोटे, झटपट पॅच आले. ते सेटिंगमध्ये जाऊन काढून टाकता येत होते. जुलैत त्यातल्या एकामुळे काही वेबसाइट नीट उघडेनात, तेव्हा लोकांनी तो काढला आणि कुणाचंही आभाळ कोसळलं नाही. म्हणजे हे तंत्राने होऊ शकतं.

आणि तरीही २०२५ च्या जानेवारीत गूगलच्या पिक्सेल ४ए फोनचं प्रकरण झालं. २०२० मध्ये भारतात ३१,९९९ रुपये किमतीला आलेल्या या फोनची अपडेटची हमी २०२३ मध्येच संपली होती. ८ जानेवारीला अचानक एक अपडेट आलं, आपोआप बसणारं. त्याने काही फोनची चार्ज धरण्याची ताकद जवळपास निम्म्यावर आणली. 'बॅटरी स्थिर राहावी म्हणून' एवढंच सांगण्यात आलं. मोफत नवी बॅटरी, ५० डॉलर किंवा नव्या फोनवर १०० डॉलरची सूट, असे पर्याय दिले गेले. त्याच वेळी आधीच्या आवृत्त्यांच्या फाइली अधिकृत पानावरून काढून घेतल्या गेल्या. फोन तापून धोका होऊ शकतो, हे काही महिन्यांनी ऑस्ट्रेलियातल्या रिकॉलच्या नोटिशीतून स्पष्ट झालं. धोका खरा होता तर ते पहिल्याच दिवशी सरळ सांगायचं होतं. फोन खिशात ठेवणाऱ्याला ते कळण्याचा पहिला हक्क होता. माहिती दडवून बसवलेलं अपडेट योग्य कारणासाठी असलं तरी पुढच्या दहा अपडेटांवरचा विश्वास खाऊन टाकतं, आणि त्या दहांत एखादा खराच तातडीचा पॅच असतो.

युरोपात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी दोन गोष्टी एकत्र आणल्या आहेत. मॉडेल बाजारातून गेल्यावरही किमान ५ वर्षं अपडेट मिळायला हवं. आणि ग्राहकाने अपडेट नाकारलं म्हणून फोनच्या कामगिरीत फरक पडता कामा नये. मात्र सुरक्षा आणि नवी वैशिष्ट्यं एकाच अपडेटमध्ये देण्याची मुभा त्या नियमांनीही ठेवली आहे. गाठ तिथेच राहिली.

आपल्याकडे आज हाताशी आहे ते असं. प्ले स्टोअरमध्ये त्या ॲपच्या पानावर तीन ठिपके दाबून ऑटो-अपडेटची खूण काढता येते. सिस्टम अपडेट रीस्टार्टबरोबर आपोआप बसू नये म्हणून अनेक फोनांत डेव्हलपर पर्यायांमध्ये एक बटण असतं. त्या ऑगस्टमध्ये बहुतेकांनी वापरला तो तिसरा उपाय: 'फोन' ॲपवर बोट दाबून धरायचं, ॲपची माहिती उघडायची, वरचे तीन ठिपके, मग 'अपडेट अनइंस्टॉल करा'. जुना डायलर परत येतो, पण येतो तो फोन कारखान्यातून निघाला त्या दिवशीचा, मधल्या सगळ्या दुरुस्त्या गाळून. ज्याला फक्त हिरवं बटण जुन्या जागी हवं होतं, त्याला त्यासाठी तीन-चार वर्षं मागे जावं लागलं.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, २८ नोव्हेंबर २०२५ ला, सरकारने 'संचार साथी' हे हरवलेले फोन आणि फसवे कॉल कळवण्याचं सरकारी ॲप नव्या फोनमध्ये आधीच टाकून द्या असा आदेश कंपन्यांना दिला. मुदत ९० दिवसांची. तयार होऊन विक्रीच्या साखळीत असलेल्या फोनांमध्ये ते सॉफ्टवेअर अपडेटमधून पाठवावं, असंही त्यात होतं. बातमी बाहेर आली, गदारोळ झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. मधल्या दिवसांत वाद रंगला तो ॲप डिलीट करता येईल की नाही यावर. ते अपडेटच्या वाटेने फोनमध्ये घालता येईल याबद्दल आदेश काढणाऱ्यांना शंका नव्हती, आणि विरोध करणाऱ्यांपैकीही फार थोड्यांनी त्या वाटेबद्दल विचारलं.