दुहेरी पात्र लाभार्थ्यांसाठी एकात्मिक दीर्घकालीन शुश्रूषा योजना

अमेरिकेत मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांसाठी) आणि मेडिकेड (गरिबांसाठी) या दोन्ही सरकारी योजनांचा हक्क असलेल्या लोकांना उपचार, औषधे आणि रोजची शुश्रूषा एकाच संस्थेमार्फत देणाऱ्या आरोग्य योजना. अशा लाभार्थ्यांना तिथे ‘ड्युअल एलिजिबल’ म्हणतात. त्यांची संख्या सव्वा कोटीच्या आसपास आहे. त्यांत ६५ वर्षांवरचे तुटपुंज्या उत्पन्नाचे वृद्ध जास्त आहेत. बाकीचे अपंगत्वामुळे त्याआधीच मेडिकेअरमध्ये आलेले असतात.

दोन्ही योजना एकाच कायद्याने आल्या. त्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी सही केली. मेडिकेअर केंद्र सरकार चालवते. मेडिकेडचा खर्च केंद्र आणि राज्य वाटून घेतात, पण कारभार राज्याकडे असतो. एक योजना वृद्धांसाठी आखली गेली, दुसरी गरिबांसाठी. जो वृद्धही आहे आणि गरीबही, त्याची काळजी दोघांनी मिळून कशी घ्यायची हे मात्र अधांतरीच राहिले.

त्याचा त्रास कसा होतो ते एका नेहमीच्या प्रसंगातून कळते. ८२ वर्षांच्या आजी न्हाणीघरात पडतात आणि खुब्याचे हाड मोडते. शस्त्रक्रिया मेडिकेअरमधून होते. किमान तीन दिवस रुग्णालयात काढल्यावर पुनर्वसनासाठी नर्सिंग होममध्ये जाता येते. (नर्सिंग होम म्हणजे इथे आपल्याकडचे छोटे खासगी रुग्णालय नव्हे, परावलंबी माणसांच्या देखभालीची संस्था.) तिथले पहिले २० दिवस मेडिकेअर पूर्ण पैसे देते. त्यानंतर १०० दिवसांपर्यंत रोजचा काही भार रुग्णावर येतो. तज्ज्ञ उपचारांची गरज संपली की मेडिकेअर हात काढून घेते. आजी घरी येतात, पण त्यांना आंघोळ घालायला, कपडे चढवायला, शौचाला न्यायला, खाटेवरून उठवायला माणूस लागतो. ही रोजची देखभाल मेडिकेडच्या कक्षेत येते. तिथे उत्पन्नाचे पुरावे द्यावे लागतात. अनेक राज्यांत एकट्या व्यक्तीकडे २,००० डॉलरहून जास्त बचत चालत नाही. दीर्घकालीन शुश्रूषेसाठी मागच्या पाच वर्षांत कोणाला मालमत्ता देऊन टाकली का, हेही तपासतात. हे सोपस्कार होईपर्यंत मुलगी नाहीतर सून नोकरीवरून रजा काढून घरी बसते.

पैशाचे गणितही उलटे आहे. राज्याने घरी मदतनीस पाठवला आणि त्यामुळे आजींचे पडणे टळले, तर वाचलेला रुग्णालयाचा खर्च केंद्राच्या खात्यात जमा होतो. राज्याच्या पदरात काही पडत नाही. नर्सिंग होममधला, मेडिकेडच्या पैशावर असलेला कायमचा रुग्ण रुग्णालयात जाऊन परतला, की त्याच खाटेसाठी काही काळ मेडिकेअरचा चढा दर मिळू शकतो. त्यामुळे अशक्त माणसांची विनाकारण ने-आण होते. या योजनांचे मूळ या विस्कटलेल्या हिशेबात आहे.

एकात्मिक योजनेत दोन्हीकडून प्रत्येक सदस्यामागे दरमहा ठरावीक रक्कम एकाच संस्थेला मिळते. त्यातून तिने डॉक्टर, औषधे, घरातली मदत, न्हाणीघरातले आधाराचे दांडे, डबा आणि गाडी हे सगळे बघायचे. सदस्याला एक समन्वयक नेमून दिलेला असतो. सेवा नाकारली गेली तर पूर्ण एकात्मिक योजनेत सुरुवातीची दाद एकाच ठिकाणी मागता येते, दोन कार्यालयांच्या दोन पत्रांमध्ये गुरफटावे लागत नाही.

या कल्पनेचा सर्वांत सकस नमुना सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये घडला. तिथल्या कुटुंबांना म्हाताऱ्यांना दूरच्या संस्थेत ठेवणे मान्य नव्हते. १९७१ साली स्थापन झालेल्या ऑन लॉक या संस्थेने त्यांच्यासाठी दिवसभराचे केंद्र काढले. तिथे जेवण, व्यायाम, डॉक्टर आणि सोबत एकाच छताखाली मिळे. पुढे याच पद्धतीला ‘पेस’ हे नाव मिळाले आणि १९९७ च्या कायद्याने ती कायमची झाली. वय ५५ किंवा जास्त, नर्सिंग होममध्ये ठेवावे लागेल इतके परावलंबित्व, आणि तरीही घरी सुरक्षित राहता येण्याची शक्यता, या तिच्या मुख्य अटी. प्रत्येक सदस्याची काळजी ठरवणाऱ्या चमूत डॉक्टर, परिचारिका आणि आहारतज्ज्ञाबरोबर सदस्यांची ने-आण करणाऱ्या गाडीचा चालकही असावा, असा नियमच आहे. आजोबांना आज पायरी चढताना धाप लागली हे त्यालाच आधी दिसते. एकात्मिक शुश्रूषेचा अर्थ या एका नियमात जितका स्पष्ट होतो, तितका कुठल्याही करारपत्रात होत नाही.

पेसची केंद्रे मात्र लहान असतात. विस्तार झाला तो मुख्यतः विमा योजनांमधून. मिनेसोटाने १९९७ मध्ये आणि मॅसॅच्युसेट्सने २००४ मध्ये वृद्धांसाठी एकात्मिक योजना सुरू केल्या. २००३ च्या केंद्रीय कायद्यामुळे दुहेरी पात्र लोकांसाठीच्या खास मेडिकेअर योजना, म्हणजे डी-स्निप, निघाल्या. २०१८ मध्ये त्यांना कायमचा आधार मिळाला. २०१३ पासून काही राज्यांत केंद्र, राज्य आणि विमा कंपनी यांच्या त्रिपक्षीय करारांचा प्रयोग चालला. २०२५ अखेर तो संपवून सदस्यांना डी-स्निपकडे वळवण्याचे ठरले. पूर्ण एकात्मिक डी-स्निपमध्ये २०२५ पासून सदस्याचे मेडिकेअर आणि मेडिकेड एकाच संस्थेकडे असणे सक्तीचे आहे.

हा विस्तार सदस्यसंख्येवरून मोजणे दिशाभूल करणारे आहे. बऱ्याच डी-स्निप केवळ माहितीची देवाणघेवाण करतात. घरातल्या मदतीची जबाबदारी त्यांच्यावर नसते. त्रिपक्षीय प्रयोगात अनेकांची नावे आपोआप नोंदवली गेली आणि त्यांतले बरेच बाहेर पडले. नेहमीचे डॉक्टर सुटण्याची भीती हे त्याचे एक मोठे कारण होते. ती भीती रास्तच आहे. परिणामांचे चित्रही एकसारखे नाही. मिनेसोटातील एका अभ्यासात एकात्मिक योजनेतील वृद्ध रुग्णालयात दाखल होण्याची शक्यता ४८ टक्क्यांनी कमी आढळली. त्रिपक्षीय प्रयोगांत मात्र मेडिकेअरची बचत फारशी सिद्ध झाली नाही. शिवाय नर्सिंग होमचा खर्च देणे मेडिकेडला बंधनकारक आहे, तर घरपोच शुश्रूषेचा मोठा भाग राज्याच्या मर्जीवर असतो. त्यामुळे अनेक राज्यांत प्रतीक्षायादी असते. योजना कितीही एकात्म झाली, तरी यादीतल्या माणसाच्या दारात मदतनीस येत नाही.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांचा या विषयाशी संबंध येतो तो मुलांकडे राहायला गेलेल्या आईवडिलांमुळे. ग्रीनकार्ड मिळालेल्या वृद्धांना मेडिकेडसाठी साधारणपणे पाच वर्षे थांबावे लागते. तिथे स्वतः किंवा जोडीदाराने नोकरी केलेली नसेल तर मेडिकेअर घेण्यासाठीही सलग पाच वर्षांचे वास्तव्य लागते. न्यू जर्सीने १ जुलै २०१४ पासून मेडिकेडची दीर्घकालीन शुश्रूषा विमा योजनांकडे सोपवली. त्या राज्यातल्या एडिसनच्या परिसरात भारतीय जेवण देणारी ज्येष्ठांची दिवस-केंद्रे आहेत. काही राज्यांत पात्र सदस्य आपला मदतनीस स्वतः निवडू शकतो, आणि नियमांत बसत असेल तर मुलीला किंवा सुनेला त्या कामाचा पगार मिळतो. इंग्रजी न येणाऱ्या सदस्याला योजनेकडून विनामूल्य दुभाषी मागण्याचा हक्क आहे. मूल्यांकनासाठी परिचारिका घरी येईल त्या दिवशी तो जरूर मागावा, कारण किती तासांची मदत मिळणार हे त्या भेटीतल्या उत्तरांवर बरेचसे ठरते, आणि आपले वृद्ध पाहुण्यांसमोर ‘माझं मी करते’ असेच सांगतात.