सावत्र आई नंतर आली

फेअरी टेलचं कुठलंही डार्क व्हर्जन आलं की हमखास कोणीतरी म्हणतं, लहानपणीच्या गोड गोष्टींची वाट लावली यांनी. अहो पण गोड होत्या कधी? आपण १९३७ चा डिस्नेचा स्नो व्हाइट डोक्यात धरून बसलोय.

लोककथा गोळा करणाऱ्या जर्मन ग्रिम भावांच्या पुस्तकाचा पहिला भाग निघाला १८१२ मध्ये. त्यात स्नो व्हाइटच्या जिवावर उठलेली राणी चक्क तिची सख्खी आई आहे! खिडकीशी शिवत बसलेली, सुई टोचून बर्फावर रक्त सांडलं म्हणून अशीच बर्फासारखी गोरी, रक्तासारखी लाल पोरगी हवी म्हणणारी जी बाई, तीच पोरगी सात वर्षांची झाल्यावर शिकाऱ्याला सांगते, हिला मारून फुप्फुसं आणि कलेजी आण, मी मीठ घालून शिजवून खाणार. तो रानडुकराची आणून देतो आणि ही खाते पण.

मग १८१९ च्या आवृत्तीत आई बाळंतपणातच गेली आणि सावत्र आई आली. हान्सेल-ग्रेटेलमध्येही पुढे हीच अदलाबदल झाली. मुळात पुस्तक अभ्यासकांसाठी, टिपाबिपा देऊन काढलेलं, पण लोक ते पोरांना वाचून दाखवायला लागले आणि तक्रारी सुरू झाल्या. मनोऱ्यात कोंडलेली रॅपन्झेल, जिला राजपुत्र चोरून भेटायचा, ती आधी विचारायची, माझे कपडे असे घट्ट का व्हायला लागलेत, ते वाक्यही गेलं. राणीला तापवलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचवतात ते मात्र ठेवलं, म्हणजे हिंसा चालेल, गरोदरपण नको! (आपण तरी काय हसायचं, माझ्या आजीची चिऊताई कुडकुडणाऱ्या कावळ्याला तापल्या तव्यावर बसवायची.)

लाल टोपीवालीचंही (लिटल रेड रायडिंग हूड) तसंच. फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७ च्या गोष्टीत लांडगा तिला खातो आणि संपलं, शिकारीबिकारी कोणी येत नाही. फ्रान्सच्या खेड्यांत सांगायचे त्यात तर ती नकळत आजीचंच मांस खाते, मग बाहेर जाऊन येते म्हणते, लांडगा पायाला दोरी बांधून सोडतो, ही दोरी झाडाला बांधून पसार.

१९७६ मध्ये ब्रूनो बेटेलहाइम या मानसतज्ज्ञाने या सगळ्याला मानसशास्त्र लावलं. लाड करणारी आणि डाफरणारी आई एकच आहे हे पोराला झेपत नाही, म्हणून वाईट अर्धी 'सावत्र' करून टाकायची, मग तिचा राग राग करायला मोकळे. मला हे पटतं, कारण ग्रिमनी कागदावर नेमकं तेच केलेलं. फक्त पोरांसाठी की आयांची अब्रू राखायला, हा प्रश्न आहेच.

इंग्रज लेखिका अँजेला कार्टरने १९७७ मध्ये पेरोचं भाषांतर केलं आणि दोन वर्षांत स्वतःच्या गोष्टी काढल्या. पेरोच्या निळ्या दाढीवाल्यात (बायका मारून टाकणाऱ्या नवऱ्याची गोष्ट) बायकोला तिचे भाऊ सोडवतात, कार्टरकडे आई घोड्यावरून येते आणि जावयाच्या डोक्यात गोळी घालते. आणि लेखक नील गेमनने १९९४ मध्ये स्नो व्हाइटची गोष्ट राणीच्याच तोंडून सांगितली. पोरगी रक्त पिणारी, आणि ही सावत्र आई, अंगाला चरबी चोळून भट्टीत कोंडलेली, तिथूनच आपली बाजू मांडतेय.