कणसूर पुसताना

ओळ सुरेख उतरली आहे. उच्चार स्वच्छ, श्वास नेमक्या जागी घेतलेला, आणि भाव असा की पुढच्या टेकमध्ये तो पुन्हा मिळेलच याची खात्री नाही. फक्त शेवटच्या अक्षरावर सूर जरा खाली राहिलाय, कणसूर झालाय. सेकंदाला ४४० कंपनं हवी होती, झाली आहेत ४३४. साउंड इंजिनिअरच्या पडद्यावर तो आवाज वळणं घेत जाणाऱ्या रेषेसारखा दिसतो, मागे सुरांच्या आडव्या पट्ट्या असतात, आणि रेषेचं शेपूट पट्टीच्या खाली लोंबत असतं. माउसने धरायचं, वर सरकवायचं, सोडायचं. काम अर्ध्या मिनिटाचं. गायिका स्टुडिओतून कधीच निघून गेलेली असते.

त्या अर्ध्या मिनिटाशी तिघांचा संबंध असतो: जिचा आवाज आहे ती, जो माउस धरतो तो, आणि पुढे कधीतरी हे गाणं ऐकणारा. काय घडलं ते बहुतेक वेळा तिघांपैकी एकालाच ठाऊक असतं.

हे तंत्र आलं जमिनीखालचं तेल शोधण्याच्या गणितातून. अँडी हिल्डेब्रँड यांनी भूगर्भातून परतणाऱ्या लहरींचा अर्थ लावण्यात अनेक वर्षं घालवली होती. १९९७ साली त्यांचं ‘ऑटो-ट्यून’ हे सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर बाजारात आलं. सूर बदलण्याआधी तो ओळखावा लागतो, आणि त्यासाठी ध्वनिलहर स्वतःशीच ताडून पाहतात. लहरीची नक्कल ट्रेसिंग पेपरवर काढून मूळ लहरीवर ठेवली आणि हळूहळू बाजूला सरकवली, तर एका जागी दोन्हींचे चढउतार पुन्हा चपखल जुळतात. ध्वनिमुद्रणात सेकंदाला ४४,१०० नोंदी असतील आणि साधारण १०० नोंदी सरकवल्यावर ही जुळणी झाली, तर सूर ४४० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांच्या, आसपास आहे हे कळतं. मग गाण्याची लय न बदलता तो हवा तिथे नेता येतो. हिल्डेब्रँड यांनी यातली अवाढव्य आकडेमोड इतकी आटोपशीर केली की गाणं चालू असतानाच ती होऊ लागली.

पण ‘हवा तिथे’ म्हणजे नेमकं कुठे?

अर्ध्या स्वराचं अंतर १०० भागांत वाटतात, त्या एकेका भागाला सेंट म्हणतात. वरचा ४३४चा कणसूर साधारण २५ सेंटचा आहे. तयार कानाला ५ ते १० सेंटही खुपतात. सॉफ्टवेअरच्या पट्ट्या नेहमीच्या मांडणीत सप्तकाचे १२ समान भाग करून आखलेल्या असतात, पियानोसारख्या. आता षड्ज ४४०चा धरला, तर त्याच्याशी एकजीव होणारा शुद्ध गंधार ५५० हर्ट्झला येतो. पियानोचा येतो ५५४च्या थोडा वर, म्हणजे जवळजवळ १४ सेंट चढा. एखाद्या जाणत्या गळ्याने बरोब्बर ५५०वर लावलेला गंधार या पट्टीवर चुकीचा ठरतो, आणि यंत्र तो ‘सुधारतं’. मला या सगळ्या प्रकारात हीच गोष्ट सर्वांत जास्त अस्वस्थ करते. दुरुस्ती म्हणताना आपण एका विशिष्ट मोजपट्टीला प्रमाण मानलेलं असतं, आणि ती मोजपट्टी गाणाऱ्याने निवडलेली नसते.

शिवाय गळ्यातला सूर सरळ रेषेत चालतच नाही. आयोवा विद्यापीठातले कार्ल सीशोर यांनी १९३०च्या दशकात नामवंत गायकांच्या सुरांचे आलेख अभ्यासले. लांबवलेला सूर सेकंदाला सहा-सात वेळा हलतो आणि वर-खाली मिळून अर्ध्या स्वराएवढं अंतर फिरतो, तरी ऐकणाऱ्याला तो एकच, भरदार सूर वाटतो. अनेकदा गायक खालून घसरत येऊन सूर गाठतो. ही घसरण छाटली की सूर अचूक होतो आणि त्यातली ओढ जाते.

म्हणून मला गंमतीसाठी उघडपणे वापरलेल्या ऑटो-ट्यूनबद्दल तक्रार नाही. १९९८मध्ये अमेरिकन गायिका शेर यांच्या ‘बिलीव्ह’ या गाण्यात आवाज पायऱ्यांवरून उड्या मारल्यासारखा एका सुरावरून दुसऱ्यावर जातो. तिथे यंत्र सरळ कानावर येतं, कुणाची फसवणूक होत नाही. प्रश्न आहे तो ऐकूच न येणाऱ्या दुरुस्तीचा.

तोही संगणकाने आणलेला नाही. १९५२ साली वाग्नर यांच्या ‘ट्रिस्टान उंड इझोल्डे’ या ऑपेराच्या ध्वनिमुद्रणात गायिका कर्स्टन फ्लागस्टाड यांच्या वाट्याचे ‘हाय सी’ हे अतिशय उंच सूर दुसऱ्या गायिकेने, एलिझाबेथ श्वार्झकोप्फ यांनी, गायले. त्या वेळी हे रसिकांना सांगितलेलं नव्हतं. टेप कापून चांगल्या ओळी जोडणंही जुनंच. ध्वनिमुद्रिका ही घडवलेली वस्तू आहे हे मला मान्य आहे, आणि गायिकेच्या संमतीने एखादा कणसूर पुसला तर त्यात पाप नाही. मात्र जिथे आवाज हाच पुरावा आहे, तिथे हा न्याय लागू होत नाही. २०१०मध्ये ब्रिटनच्या ‘द एक्स फॅक्टर’ या गायनस्पर्धेच्या प्रक्षेपणात स्पर्धकांच्या आवाजावर ऑटो-ट्यून वापरल्याचं उघड झालं आणि प्रेक्षक चिडले. त्यांचा राग रास्त होता. धावण्याच्या शर्यतीचं चित्रीकरण दाखवताना एखाद्याचा वेग वाढवावा, तसाच हा प्रकार.

सर्वांत मोठी किंमत मात्र शिकणारे मोजतात. गाणं शिकणारी मुलगी आवडती ओळ शंभरदा ऐकते, मोबाइलवर स्वतःचं गाणं मुद्रित करते, दोन्ही एकामागून एक लावते. आपला सूर प्रत्येक ओळीत कुठेतरी हलतो हे तिला लख्ख ऐकू येतं. मूळ गायिकेचाही हलला होता, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

अमेरिकन गायिका ॲलिसन मूरर यांनी २००२ साली आपल्या अल्बमवर चिठ्ठी लावली होती: यात आवाजाची कुठलीही सूरदुरुस्ती केलेली नाही. मला उलट चिठ्ठी जास्त उपयोगी वाटते. मिक्सिंग कुणी केलं, मास्टरिंग कुणी केलं हे आपण छापतोच. त्याखाली सूरदुरुस्ती कुणी केली तेही छापावं. आणि माउस उचलण्याआधी गायिकेला एक फोन करावा. कदाचित ती म्हणेल, करा. कदाचित म्हणेल, मी येते, ती ओळ पुन्हा गाते. आणि कदाचित असंही म्हणेल की तो सूर मी मुद्दामच तिथे ठेवला होता.