बौद्धाचार्य : सोलापूर शहर आणि जिल्ह्यातील परंपरा

बौद्ध समाजात लग्न, नामकरण, गृहप्रवेश, अंत्यविधी हे संस्कार लावणाऱ्या संसारी उपासकाला बौद्धाचार्य म्हणतात. तो भिक्खू नसतो. सोलापुरात तो यंत्रमागावर, महापालिकेत, रेल्वेत किंवा शाळेत नोकरी करून घर चालवतो आणि विधीचे बोलावणे आले की पांढरे कपडे घालून निघतो. हे पद जन्माने मिळत नाही आणि बापाकडून मुलाकडे जात नाही. ज्यांच्या दारी पिढ्यान्‌पिढ्या पुरोहित फिरकला नाही, त्यांनी स्वतःतूनच आपला पुरोहित घडवला, ही महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातली फार मोठी घटना आहे. तिची नोंद मात्र त्या मानाने कमीच झाली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लगेच लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा व बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतली सहावी प्रतिज्ञा श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची, तर आठवी कोणतेही क्रियाकर्म ब्राह्मणाच्या हातून न करवून घेण्याची आहे. या दोन प्रतिज्ञा घेऊन माणसे गावी परतली, तेव्हा पुढचे लग्न कोण लावणार, हा प्रश्न घरोघरी उभा राहिला. मराठी मुलखात भिक्खू मोजकेच होते. बाबासाहेबांनी याचा विचार आधीच सुरू केला होता. ४ मे १९५५ रोजी त्यांनी भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली होती आणि ‘बौद्ध पूजापाठ’ ही छोटी पुस्तिका तयार केली होती. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पुढे महासभेची धुरा भय्यासाहेब तथा यशवंतराव आंबेडकर यांनी १९७७ पर्यंत वाहिली आणि बौद्धाचार्यांची फळी उभी राहिली. ब्राह्मण पुरोहिताशिवाय लग्न लावण्याचा पायंडा महाराष्ट्रात त्याआधीच पडला होता. सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात तसे लग्न लावले होते.

सोलापूर जिल्ह्यात ही जमीन आधीपासून नांगरलेली होती. १९२४ साली बार्शीत बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा बाबासाहेब तेथे बोलले होते. शहरातल्या कापड गिरण्यांनी खेड्यांतली माणसे ओढून आणली. रोख पगार आणि पेठांतली दाट वस्ती यांमुळे चळवळीला बळ मिळाले. बुधवार पेठेतल्या मिलिंदनगरात बाबासाहेबांच्या अस्थी जतन केलेल्या आहेत. ती जागा प्रेरणाभूमी म्हणून ओळखली जाते. दुसऱ्या बाजूला याच जिल्ह्यात पंढरपूर आहे, चोखोबांचे मंगळवेढे आहे, आणि तुळजापूरही काही दूर नाही. दीक्षेनंतर देव्हाऱ्यातले टाक अनेक घरांनी नदीत-विहिरीत सोडले. पण गळ्यात तुळशीची माळ असलेली म्हातारी माणसे त्याच घरांत होती. त्यांना न दुखावता नवा विधी समजावून सांगणे हे पहिल्या पिढीच्या बौद्धाचार्यांचे खरे काम होते, असे म्हणावे लागेल.

बौद्धाचार्य होण्याची वाट साधारणपणे श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खूच्या, शिबिरातून जाते. शिबिरार्थी मुंडण करतो, चीवर म्हणजे भिक्खूचे वस्त्र धारण करतो, दहा शील पाळतो आणि भिक्खूंच्या देखरेखीखाली गाथा, वंदना व धम्माचा अभ्यास करतो. शिबिर बहुधा दहा दिवसांचे असते. ते संपले की चीवर उतरवून तो घरी परततो. पुढे प्रशिक्षण होते आणि महासभेचे प्रमाणपत्र मिळते. पाली गाथा देवनागरीतल्या पुस्तिकांवरून पाठ केल्या जातात. चाल महत्त्वाची, पण गाथेचा अर्थ सोप्या मराठीत सांगणाऱ्याला समाजात अधिक मान मिळतो, आणि तो मिळायलाच हवा. अक्कलकोटकडच्या कानडी मुलखात हेच काम कन्नडमध्येही करावे लागते.

लग्नविधी थोडक्यात आटोपतो. पांढरे वस्त्र अंथरलेल्या मेजावर बुद्धमूर्ती व बाबासाहेबांची प्रतिमा ठेवतात. मेणबत्ती-अगरबत्ती लावून त्रिसरण-पंचशील, म्हणजे बुद्ध-धम्म-संघाला शरण जाणे आणि पाच शीलांचा स्वीकार, होते. मग वधूवर एकमेकांप्रती प्रतिज्ञा घेतात. पतिपत्नीच्या या कर्तव्यांचे मूळ दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात आहे. शेवटी जयमंगल अष्टगाथा म्हणतात आणि ‘भवतु ते जयमंगलानि’ या चरणावर अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या पडतात. होम नाही, सप्तपदी नाही, मुहूर्ताचे बंधन नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ बौद्धांनाही लागू आहे आणि त्याच्या कलम ७ नुसार पक्षकारांपैकी कोणाच्याही रूढ विधीने विवाह लावता येतो. विवाह नोंदणीच्या अर्जावर पुरोहित म्हणून बौद्धाचार्याची सही चालते.

बौद्धाचार्याची कसोटी लागते ती मयताच्या घरी. तिथे वेळ ठरलेली नसते. रात्री-अपरात्री निरोप आला तरी त्याला जावे लागते, आणि रडणाऱ्या माणसांमध्ये उभे राहून ‘अनिच्चा वत सङ्खारा’ ही गाथा स्थिर आवाजात म्हणावी लागते. घडलेल्या सर्व गोष्टी अनित्य आहेत, उपजणे आणि नाश पावणे हा त्यांचा धर्म आहे, असा तिचा आशय आहे. त्यानंतर काही दिवसांनी पुण्यानुमोदनाचा किंवा जलदानाचा विधी होतो. नातेवाईक तांब्यातले पाणी हळूहळू भांड्यात सोडतात आणि ‘उन्नमे उदकं वट्टं, यथा निन्नं पवत्तति’ ही गाथा म्हटली जाते. उंचावर पडलेले पाणी जसे सखलाकडे वाहते, तसे दिलेले दान पोहोचते, असा तिचा अर्थ. हीच घडी सर्वांत नाजूक असते. कोणी मावशी हळूच कावळा शिवण्याचे विचारते, कोणी दहाव्याचा आणि तेराव्याचा हिशेब काढते. जाणता बौद्धाचार्य तेव्हा भांडत नाही. तो सहाव्या प्रतिज्ञेची आठवण देतो, मेलेल्या माणसाच्या नावाने वह्या-पुस्तके किंवा विहाराला दान द्यायला सुचवतो आणि विधी पुढे नेतो. दुःखातल्या माणसाला रितेपणा सहन होत नाही, त्याला करायला काहीतरी लागते, हे ज्याला कळले त्याच्या वस्तीत जुने विधी गळून पडतात. नुसते व्याख्यान देणाऱ्याच्या वस्तीत ते मागच्या दाराने परत येतात.

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास, म्हणजे भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा काळ, असतो. या काळात विहारांत संध्याकाळी बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली तो मूळ इंग्रजीत प्रसिद्ध झाला होता. सोलापुरात गिरण्या बंद पडल्यावर हाती रोजगार न उरलेल्या वस्त्यांतही हे वाचन चालू राहिले. बौद्धाचार्य वाचतो आणि समोर बहुतेक बायका बसलेल्या असतात. शंका त्याच विचारतात, मुलांना हाताला धरून त्याच आणतात. अलीकडे स्त्रियाही गाथा पाठ करून विधी लावू लागल्या आहेत. विधीबद्दल ठरीव दक्षिणा नसते. घरधनी जे देईल ते धम्मदान.