प्रवासी विमानांपासून बनलेले हवाई टँकर

हवेत असतानाच दुसऱ्या विमानात इंधन भरणाऱ्या लष्करी विमानाला टँकर म्हणतात. ज्यांचा सांगाडा प्रवासी विमानाशी नाते सांगतो, अशाच टँकरांचा विचार या नोंदीत केला आहे. व्हिक्टर या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानावरून केलेला टँकर किंवा मालवाहू विमानावर आधारलेले आयएल-७८ त्यात येत नाहीत.

उगम : अमेरिकेचा केसी-१३५ म्हणजे बोइंग ७०७ ची लष्करी आवृत्ती, असे बऱ्याच ठिकाणी लिहिलेले आढळते, तारखा पाहता ते टिकत नाही. बोइंगने स्वखर्चाने बांधलेले ३६७-८० हे नमुना विमान १५ जुलै १९५४ रोजी, केसी-१३५ ३१ ऑगस्ट १९५६ रोजी, तर ७०७ त्यानंतर २० डिसेंबर १९५७ रोजी प्रथम उडाले. धडाच्या रुंदीतही फरक आहे : नमुना विमान १३२ इंच, टँकर १४४ इंच आणि ७०७ १४८ इंच. त्यामुळे दोन्ही विमाने ३६७-८० ची अपत्ये, टँकर थोरला आणि ७०७ धाकटे, असे मानणे अधिक सयुक्तिक. केसी-१३५ च्या धडाला प्रवासी खिडक्यांची रांग नाही, ही खूण जमिनीवरूनही ओळखता येते. पुढे नाते उलट्या दिशेनेही जुळले : निवृत्त ७०७ विमानांची इंजिने काढून केसी-१३५ई या प्रकाराला बसवण्यात आली. त्याआधीच्या केसी-९७ ची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. त्याचे प्रवासी भावंड स्ट्रॅटोक्रूझर हेच मुळात लष्करी सी-९७ वरून आले होते. तयार प्रवासी विमानावरून टँकर करण्याचा प्रघात काटेकोर अर्थाने साधारणपणे १९७० च्या दशकापासूनचा धरावा. डीसी-१० या प्रवासी विमानावर आधारलेले ६० केसी-१० टँकर याच परंपरेतले. फॉकलंड युद्धानंतर ब्रिटनने ब्रिटिश एअरवेज व पॅन ॲम यांच्याकडून ९ ट्रायस्टार प्रवासी विमाने टँकरसाठी घेतली, तेही त्यातच मोडतात.

तांत्रिक बाबी : इंधन देण्याच्या दोन पद्धती आहेत. बूम पद्धतीत शेपटीखालची ताठ, लांब होणारी नळी टँकरमधला बूमचालक स्वतः मागून येणाऱ्या विमानाच्या इंधन घेण्याच्या तोंडात बसवतो. केसी-१३५ मध्ये तो पोटावर पालथा पडून खिडकीतून खाली पाहतो. केसी-४६ (मूळ बोइंग ७६७) मध्ये तो पुढच्या भागात बसून कॅमेऱ्याच्या पडद्यावरून काम करतो. या दृश्यप्रणालीत दोष निघाले आणि तिची पुनर्रचना करावी लागली. दुसऱ्या पद्धतीत टँकर लवचिक नळी सोडतो. तिच्या टोकाच्या फुलपात्रासारख्या ड्रोगमध्ये घेणाऱ्या वैमानिकाने आपल्या विमानाचा प्रोब (बाहेर आलेली इंधन घेण्याची ताठ नळी) घालायचा असतो. म्हणजे नेम धरण्याचे काम त्याच्याकडे. पद्धती जुळल्या नाहीत तर टँकर निरुपयोगी ठरतो. ब्रिटनच्या व्हॉयेजर टँकर विमानांना बूम नाही. त्यामुळे बूमनेच इंधन घेणाऱ्या आपल्याच सी-१७ मालवाहू विमानांना ती इंधन देऊ शकत नाहीत.

व्हॉयेजर ज्या एअरबस ए-३३० एमआरटीटी (बहुउद्देशी टँकर व वाहतूक विमान) प्रकारातले, त्याचे पंख चार इंजिनांच्या ए-३४० शी समान आहेत. बाहेरच्या इंजिनासाठी मजबूत केलेल्या जागी लवचिक नळीचे पॉड (पंखाखाली टांगलेली पेटी) आयतेच बसतात. सुमारे १११ टन इंधन मूळ टाक्यांतच मावते. परिणामी केबिन सैनिकांसाठी मोकळी राहते.

इतर : इस्राएलमध्ये जुन्या ७०७ विमानांचे टँकर करून दिले गेले. इराणने बोइंग ७४७ वर आधारलेले टँकरही वापरले. जर्मनी व कॅनडा यांनी एअरबस ए-३१० निवडले. इटली व जपान यांच्याकडे केसी-७६७ आहेत.