चपट्या तोंडाच्या लहान कुत्र्यांचे नेत्रविकार

पग, शिह त्झू, ल्हासा ॲप्सो, पेकिनीज अशा आखूड नाकाच्या जातींना वारंवार होणारे डोळ्यांचे आजार. त्यांचे मूळ कवटीच्या घडणीत आहे. नाक आखूड झाले तशी डोळ्याची खोबण उथळ झाली. डोळा पुढे येतो, पापण्या नीट मिटत नाहीत, काही कुत्री तर अर्धवट उघड्या डोळ्यांनी झोपतात. शिवाय नाकावरच्या घडीचे केस डोळ्याला घासतात.

खानदेशात हे डोळे जपणे अधिक अवघड. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो. कोरड्या झळांत डोळ्यातली ओल लवकर उडते. धूळ आणि बांधावरच्या गवताचे कुसळ यांची भर वेगळीच.

इथे सर्वाधिक दुर्लक्षित राहतो तो कोरडा डोळा. चिकट, पिवळसर चिपडे आणि लाली पाहून मालक ‘डोळे आलेत’ समजतो, पुसत राहतो. खरे तर पशुवैद्यकाकडची तपासणी अगदी साधी असते: कागदाची पट्टी खालच्या पापणीत १ मिनिट ठेवतात. ती १५ मिमी किंवा अधिक भिजली तर ठीक, १० मिमीहून कमी भिजली तर अश्रू अपुरे. अश्रू वाढवणारे सायक्लोस्पोरिनचे औषध मग डोळ्यात बहुधा आयुष्यभर घालावे लागते. ते टाळले की डोळ्यावर, पगमध्ये विशेषतः नाकाच्या बाजूने, काळपट थर चढतो आणि दृष्टी झाकते.

‘फूल पडलं’ म्हणून दाखवला जाणारा पांढरा डाग जुन्या जखमेचा वण असू शकतो, तसाच ताजा व्रणही, म्हणजे बुबुळावरची उघडी जखम. कुत्रे डोळा मिचकावत असेल, पंजाने चोळत असेल, तर व्रण धरून चालावे. खोल व्रणाने डोळा फुटू शकतो. घरात उरलेले स्टेरॉइडचे थेंब अशा डोळ्यात कधीही घालू नयेत. व्रण आहे की नाही, हे हिरवा रंग टाकून कळते.

पिल्लांच्या डोळ्याच्या कोपऱ्यात लाल गोळा दिसतो, तो तिसऱ्या पापणीच्या, म्हणजे कोपऱ्यातल्या आतल्या पडद्याच्या, अश्रू तयार करणाऱ्या ग्रंथीचा. ती कापू न देता आत बसवून घ्यावी. अश्रूंचा मोठा वाटा तिचाच असतो, आणि कापलेल्या डोळ्याला पुढे कोरडेपणा गाठतो.

भांडणात किंवा मानेचा पट्टा जोरात ओढल्याने डोळा खोबणीबाहेरही येतो. तो आत ढकलू नये. स्वच्छ ओले फडके वर धरून, कुत्र्याला पंजा लावू न देता, त्याच तासात दवाखाना गाठावा. पट्टा मानेऐवजी छातीला बांधलेला बरा.