खोल जाणारी की फुलणारी? मोठ्या शिकारीच्या गोळीची पार्श्वभूमी

मोठ्या जनावरासाठी गोळी निवडताना प्रश्न एकच असतो: ती किती खोल जावी आणि किती फुलावी, म्हणजे अंगात शिरल्यावर किती पसरावी? वेग वाढत गेला तसे त्याचे उत्तर मात्र पुन्हा पुन्हा बदलावे लागले.

बंदुकीच्या काळ्या दारूवर गोळीचा वेग सेकंदाला साधारण ४५० मीटर. तेवढ्यावर हत्तीची कवटी भेदायची तर वजन वाढवण्यावाचून गत्यंतर नव्हते. नळीचे माप तेव्हा बोरमध्ये सांगत: नळीत बसणारे जितके गोळे १ पौंड शिशाचे होतील तितका बोर. म्हणजे ४ बोरचा गोळा हिशेबाने ११३ ग्रॅमचा. नुसते शिसे हाडावर चपटे होई, म्हणून त्यात कथील किंवा अँटिमनी मिसळत.

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हियेय यांनी बिनधुराची दारू बनवली. वाढलेल्या वेगात उघडे शिसे नळीतल्या आट्यांना, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या पीळदार खाचांना, धरून राहीना. त्यावर तांब्याचे कवच हा तोडगा स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रूबिन यांनी आधीच काढला होता. पण पूर्ण कवचाची गोळी हरणासारख्या जनावराच्या अंगातून न फुलता आरपार जाते आणि जखमी जनावर दूर पळते. कोलकात्याजवळच्या दमदम कारखान्यात १८९० च्या दशकात टोकावरचे शिसे उघडे ठेवलेली, ब्रिटिश लष्कराच्या .३०३ रायफलची गोळी निघाली. कल्पना अगदी नवी नव्हती. पोकळ टोकाच्या ‘एक्स्प्रेस’ म्हणजे हलक्या, वेगवान गोळ्या शिकारी आधीपासून वापरत. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने फुलणाऱ्या गोळ्या युद्धातून बाद केल्या, शिकारीत त्या राहिल्या.

तिथून दोन वाटा झाल्या: वाघ-सांबरासाठी मऊ टोकाची, हत्तीसाठी ‘सॉलिड’, म्हणजे पूर्ण कवचाची, न फुलणारी. रिग्बी या ब्रिटिश बंदूककाराच्या १८९८ च्या .४५० नायट्रो एक्स्प्रेस काडतुसाची गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे ३१ ग्रॅमची. वेग सेकंदाला ६५५ मीटर. सॉलिडचे टोक गोलसर आणि कवच जाड लागते. कवच पातळ असेल तर गोळी हाडावर वाकते. टोक अणकुचीदार असेल तर भार मागे पडून ती अंगात उलटते. आफ्रिकेतले हत्तींचे शिकारी ‘करामोजो’ बेल यांनी ७ मिमीच्या ११ ग्रॅमच्या सॉलिडने हत्ती मारले, ते मेंदूची जागा अचूक ठाऊक असल्यामुळे. नुसती छोटी रायफल घेऊन त्यांचा कित्ता गिरवणे धोक्याचेच.

मॅग्नम, म्हणजे जास्त दारूच्या, अधिक वेगवान काडतुसांनी नवी अडचण आणली. जवळून झाडलेली मऊ गोळी कातडीखालीच फुटू लागली. १९४६ मध्ये अमेरिकन शिकारी जॉन नॉस्लर यांच्या .३०० मॅग्नमच्या गोळ्या कॅनडात चिखलाने माखलेल्या मूस या मोठ्या हरणावर अशाच फुटल्या. त्यांनी गोळीच्या मधोमध तांब्याची आडभिंत घातली. पुढचे शिसे फुलते, मागचे शाबूत राहून आत घुसते. ही ‘पार्टिशन’ रचना अजूनही विकली जाते, यातच सगळे आले.

१९८० च्या दशकाअखेरीस बार्न्स या अमेरिकन गोळी-कंपनीने शिसे पूर्ण वगळून तांब्याची गोळी आणली. हिच्या चार पाकळ्या उघडतात आणि वजन जवळपास सगळे टिकते. तांबे शिशापेक्षा हलके, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते. नळीतला पीळ संथ असेल तर ती स्थिर राहत नाही. म्हणून तांब्यात एक पायरी हलके वजन घेतात. वेगही वाढतो, आणि ते फायद्याचेच. कारण लांब पल्ल्यावर वेग उतरला की पाकळ्या उघडतच नाहीत. सुरुवातीच्या गोळ्या नळीत तांब्याचा थर सोडत. पुढे अंगावर खाचा पाडल्यावर तो कमी झाला. मेलेल्या जनावरांतले गोळ्यांचे शिसे खाऊन कॉन्डर गिधाडे मरत असल्याने कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे.